पंचाचें शरीर

मैदानी खेळ पाहावयास जमलेल्या समुदायाची दृष्टि खेळाडूंवर खिळलेली असते. कोणी चढाई केली, कोणी खो दिला, कोणाची पाठ मातीला लागली, हें सारे पाहतात; परंतु हें सर्व ज्यानें सर्वांच्या आधीं व सर्वांहून स्पष्ट पाहिलें पाहिजे, त्या पंचाकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. लक्ष जातें तें त्याचा निर्णय चुकला म्हणजे. मग ‘पंचाला दिसत नाहीं काय?’ अशी ओरड होते. त्याला दिसलें नाहीं हें पुष्कळदां खरेंही असतें. पण कां दिसलें नाहीं, याचें उत्तर त्याच्या डोळ्यांत नसून बहुधा त्याच्या पायांत असतें. जेथें असावयास पाहिजे होता तेथें तो दोन पावलें उशिरां पोंचलेला असतो.

खेळाडूच्या व्यायामाचा विचार महाराष्ट्रांत कमी झालेला नाहीं. औंधच्या पंतप्रतिनिधींनीं सूर्यनमस्कार घरोघर पोंचविले, बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं ‘व्यायामज्ञानकोशा’चे खंड प्रसिद्ध केले, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथें देशी खेळ जगापुढें मांडले. देशी खेळांस लिखित नियम मिळाले, तसा ते नियम पाळवून घेणारा पंचही आला. मात्र त्या पंचानें आपलें शरीर कसें राखावें, हा प्रश्न दीर्घकाळ कोणाचाच नव्हता. खेळाडूस तालीम हवी, पंचास नियमांचें पुस्तक पुरे, अशी समजूत रूढ झाली.

ही समजूत कितपत खरी आहे, हें त्याच्या श्रमांचा हिशेब मांडला म्हणजे कळतें. कबड्डीचें उदाहरण घ्यावें. पुरुषांचें क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांचा. चढाई फार तर ३० सेकंदांची. म्हणजे एका सामन्यांत ८० च्या आसपास किंवा त्याहून अधिक चढाया होतात. प्रत्येक चढाईबरोबर बाजूच्या रेषेवरील पंचास पुढें-मागें सरकावें लागतें, एकाएकीं थबकावें लागतें आणि कमरेंत वांकून पाय रेषेबाहेर पडला कीं काय, हें पाहावें लागतें. दिवसाकाठीं चार सामने झाले, तर ही हालचाल तीनशेंहून अधिक वेळां घडते. खो-खोमध्यें नऊ-नऊ मिनिटांच्या पाळ्या असतात. दोन पंच मधल्या पट्ट्याच्या दोन बाजू वांटून घेतात, आणि धावक खांबाकडे वळला कीं पंचासही त्या रोखानें धांव घ्यावी लागते.

कुस्तींतील श्रम निराळे. मॅटवरील पंचाच्या डाव्या हातास तांबडी व उजव्या हातास निळी पट्टी असते, पण ताठ उभें राहणें त्याच्या वांट्यास क्वचितच येतें. दोन्ही खांदे टेकले कीं नाहींत, हें पाहण्यास त्यास गुडघ्यांवर बसावें लागतें, कधीं पोटावर पडावें लागतें, आणि दुसऱ्याच क्षणीं उठून मल्लांच्या वाटेंतून दूर व्हावें लागतें. हॉकींत दोन पंच अर्धें-अर्धें मैदान सांभाळतात. फुटबॉलमध्यें मुख्य पंच साऱ्या मैदानास एकच. वरच्या दर्जाच्या सामन्यांत तो ९ ते १३ किलोमीटर अंतर कापतो, असें मोजमापांवरून दिसून आलें आहे. हें अंतर खेळाडूंच्या जवळजवळ बरोबरीचें आहे. फरक इतकाच, कीं खेळाडू थकला तर बदलतां येतो, आणि पंच बहुधा खेळाडूंहून दहा-पंधरा वर्षांनीं वडील असतो.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत या श्रमांना भूमीची व हवेची जोड मिळते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. लातूर तर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता. १९९४ सालीं नांदेड येथें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें आणि दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या स्पर्धा एका छत्राखालीं आल्या. शालेय स्पर्धा, विद्यापीठाच्या स्पर्धा, नांदेडांत गुरु गोविंदसिंगजींच्या नांवानें भरणारी अखिल भारतीय हॉकी स्पर्धा, माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंतील व लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेंतील कुस्त्यांचे फड, असा येथील खेळांचा वर्ष भरगच्च असतो. निलंगा तालुक्यांतील रामलिंग मुदगडनें हरिश्चंद्र बिराजदारांसारखा मल्ल दिला, त्या भागांत कुस्तीच्या पंचास मान आहे, तशी त्याची परीक्षाही कडक आहे. हे सामने बहुतांशीं शाळा-महाविद्यालयांतील क्रीडाशिक्षकांच्या बळावर पार पडतात. सकाळीं शाळा, दुपारीं मैदान, आणि स्पर्धेच्या आठवड्यांत सकाळपासून सांजेपर्यंत एकामागून एक सामने, असा त्यांचा क्रम असतो.

गोदावरीच्या खोऱ्यांतील नांदेडांत मे महिन्यांत तापमान ४२ अंशांच्या पुढें जाणें नवलाचें नाहीं. बालाघाटच्या पठारावरील लातूरचा उन्हाळाही सौम्य नव्हे. शिवाय पावसाळा संपतांच येणारें आश्विनाचें ऊन असतें. शालेय स्पर्धांचा हंगाम नेमका त्याच सुमारास रंगांत येतो, आणि हवेंत दमटपणा असल्यानें घाम अंगावर सुकत नाहीं. जमीन काळी. पावसांत ती जोड्याच्या तळव्यास चिकटून पाऊल जड करते व घसरविते. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात. वरून मुरूम टाकून धुम्मस केलेलें मैदान दगडासारखें टणक होतें. खेळाडूची नजर निदान पुढें असते. पंच मात्र खेळाकडे पाहत पाहत तिरपा किंवा उलट्या पावलीं चालतो. त्याची टांच भेगेंत किंवा रेषेच्या चरांत पडली कीं घोटा मुरगळलाच म्हणून समजावें.

पंचांस होणाऱ्या इजांची पाहणी निरनिराळ्या देशांत झाली आहे, आणि तिचा निष्कर्ष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. त्यांच्या बहुतेक इजा कमरेखालच्या असतात: मांडीच्या मागील स्नायूंस चमक भरणें, पोटरी फाटणें, टांचेवरील जाड शीर सुजणें, घोटा मुरगळणें, गुडघा दुखणें. यांतील पुष्कळशा कोणाचा धक्का लागून होत नाहींत. आपल्याच धांवेनें होतात. याचें कारण पंचाच्या कामाच्या ठेवणींत आहे. तो कांहीं मिनिटें सावकाश चालतो, मग एकदम जीव खाऊन धांवतो, मग पुन्हा उभा राहतो. थंड झालेल्या स्नायूवर ही ओढ अवचित पडते. वय चाळिशीकडे झुकलें कीं शिरांची लवचिकता कमी होते आणि तीच ओढ जड जाते. त्यांत आठवडाभर खुर्ची आणि रविवारीं सहा सामने, असा प्रकार असेल तर इजा न होणें हेंच आश्चर्य.

आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटनेनें ही गोष्ट ओळखून पंचांची परीक्षाच बदलली. पूर्वी अमेरिकन वायुदलांतील डॉक्टर केनेथ कूपर यांनीं १९६८ सालीं प्रसिद्ध केलेली बारा मिनिटांच्या धांवेची कसोटी पंचांस लावीत. पण पंच सलग बारा मिनिटें एका गतीनें कधींच धांवत नाहीं. म्हणून पुढें निराळी कसोटी आली. पुरुष पंचास ४० मीटरांच्या सहा जोरकस धांवा, प्रत्येकी ६ सेकंदांच्या आंत, थोड्या थोड्या विश्रांतीनें घ्याव्या लागतात. त्यानंतर ७५ मीटर १५ सेकंदांत धांवावयाचे व २५ मीटर १८ सेकंदांत चालावयाचे, असें चाळीस वेळां. म्हणजे ४०० मीटरांच्या पट्टीवर दहा फेऱ्या. पंचांसाठीं पूर्वी असलेली ४५ वर्षांची वयोमर्यादाही त्या संघटनेनें नंतर काढून टाकली. वय किती, यापेक्षां शरीर काय करूं शकतें, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. कबड्डी वा खो-खोच्या पंचास ही कसोटी जशीच्या तशी लावण्याचें कारण नाहीं. परंतु तिच्यांतील तत्त्व सर्वांस लागू आहे. ज्या प्रकारचे श्रम मैदानावर पडतात, त्याच प्रकारची तयारी घरीं झाली पाहिजे.

ही तयारी कशी असावी? प्रथम वैद्याची तपासणी. पस्तिशी ओलांडलेल्या पंचानें हंगामापूर्वीं रक्तदाब, रक्तांतील साखर व हृदयाचा आलेख पाहून घ्यावा; छातींत दडपण, जिना चढतांना अवाजवी धाप किंवा घेरी येत असेल, तर तपासणीवांचून मैदानावर जाऊं नये. त्यानंतर हंगामापूर्वीं निदान आठ आठवडे, आठवड्यांतून तीन दिवस तरी व्यायाम हवा. पहिले दोन आठवडे अर्धा तास भरभर चालणें व मधून मधून सावकाश धांवणें पुरे. तिसऱ्या आठवड्यापासून अर्धें मिनिट जलद धांव व अर्धें मिनिट चाल, अशी आवर्तनें घ्यावीं. आरंभीं आठ-दहा, पुढें वीसपर्यंत. शेवटच्या आठवड्यांत तिरपें धांवणें, उलट्या पावलीं चालणें, थबकून वळणें यांचा सराव करावा. श्रम दर आठवड्यास थोडेसेच वाढवावे. महिन्याची उणीव चार दिवसांत भरून काढण्याचा हव्यास हेंच पुष्कळ दुखण्यांचें मूळ आहे.

केवळ धांवून भागत नाहीं; स्नायूंस बळ हवें. जोर-बैठका व सूर्यनमस्कार येथील हाडांत मुरलेले आहेत, आणि पंचासही ते उपयोगी आहेत. बैठकांनीं मांडीचा पुढचा भाग व गुडघ्याभोंवतालचे स्नायु बळकट होतात. सूर्यनमस्कारानें पाठ व कंबर मोकळी राहते. मात्र मांडीचा मागचा भाग त्यांनीं पुरेसा तयार होत नाहीं. त्यासाठीं एक सोपा प्रकार आहे. गुडघ्यांवर बसावें, दुसऱ्यानें घोटे घट्ट धरावे, आणि अंग गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सरळ ठेवून अगदीं सावकाश पुढें झुकत जावें. तोल सुटला कीं हात टेकावे. खेळाडूंवरील अनेक प्रयोग एकत्र तपासले असतां, या व्यायामाच्या नियमित सवयीनें मांडीमागील स्नायूंच्या इजा सुमारें निम्म्यानें घटतात असें आढळलें आहे. आरंभीं आठवड्यांतून दोनदां चार-पांच वेळां करावा; अंग दुखेल, पण तें दोन आठवड्यांत सरावतें. टांचेच्या शिरेसाठीं पायरीच्या कडेवर चवड्यांनीं उभें राहून टांच हळूहळू पायरीखालीं उतरवावी. स्वीडनमधील आल्फ्रेडसन यांनीं १९९८ सालीं दुखऱ्या शिरेवर हाच उपाय बारा आठवडे करवून चांगला गुण आलेला दाखविला. घोट्यासाठीं एका पायावर अर्धें मिनिट उभें राहावें, नंतर तेंच डोळे मिटून करावें. दांत घासतांनाही हा व्यायाम होऊं शकतो.

सामन्याच्या दिवशीं अंग तापविल्यावांचून शिट्टी तोंडांत धरूं नये. खेळाडू अंग मोकळें करीत असतात, तेव्हां पंच गुणपत्रकावर नांवें लिहीत बसलेला असतो, हें दृश्य नित्याचें आहे. पंधरा मिनिटें तरी त्यानें राखून ठेवावीं: पांच मिनिटें सावकाश धांव, मग गुडघे उचलून चालणें, पाय झुलविणें, बाजूस सरकणें, आणि शेवटीं तीन-चार छोट्या, चढत्या गतीच्या धांवा. दोन सामन्यांमध्यें अर्ध्या तासाहून अधिक खंड पडला तर हेंच थोडक्यांत पुन्हा करावें. मैदान स्वतः पायीं फिरून पाहणें हें नियमांत बसणारें कर्तव्य आहे, आणि स्वतःच्या घोट्यासाठींही तें हिताचें आहे.

आतां पाण्याविषयीं. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. त्याच वर्षीं पाण्याच्या टंचाईमुळें महाराष्ट्रांतील मोठे क्रिकेट सामने न्यायालयाच्या आदेशानें राज्याबाहेर गेले. जेथें पाण्याची अशी ओढ, तेथें पंचानें तें मागून पिण्याचा संकोच करणें समजण्यासारखें आहे. पण हा संकोच महाग पडतो. उन्हांत धांवणाऱ्याच्या अंगांतून तासाला एक लिटर वा त्याहून अधिक घाम जातो. वजनाच्या शेंकडा दोन इतकें पाणी गेलें, म्हणजे ७० किलोच्या माणसाचें १.४ किलो वजन उतरलें, कीं श्रमशक्ति घटूं लागते आणि लक्षही ढळतें. चवथ्या सामन्यांतील चुकीच्या निर्णयांचें मूळ पुष्कळदां येथें असतें. सामन्यापूर्वीं व नंतर वजन करून पाहावें. जितके किलो उतरलें तितकें लिटर पाणी, किंवा थोडें अधिक, पुढील कांहीं तासांत पोटांत जावें. नुसतें पाणी बेसुमार पिणेंही बरें नव्हे, मीठ हवें. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत डॉक्टर दिलीप महलनबीस यांनीं ज्या मीठ-साखरेच्या पाण्यानें पटकीचे रोगी वांचविले, तेंच येथेंही कामास येतें: एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ताक-मीठही चालेल. उन्हाची संवय होण्यास शरीरास दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यांत सामने कमी घ्यावे.

इजा झालीच, तर घरगुती उपचारांत एक फेरफार करावा लागेल. पाय मुरगळला कीं तेल लावून चोळणें व गरम शेक देणें ही जुनी रीत आहे. ताज्या इजेवर ती हितकर नाहीं. चोळण्यानें आंतील रक्तस्राव व सूज वाढते. पहिले दोन-तीन दिवस दुखणारी हालचाल टाळावी, दाबपट्टी बांधावी, पाय उशीवर उंच ठेवावा, वेदना शमविण्यास फडक्यांत गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावावा. त्यानंतर मात्र अंथरुणांत पडून राहूं नये; हळूहळू हालचाल व भार वाढवावा. पायावर चार पावलेंही टाकतां येत नसतील, तर हाड तपासून घ्यावें.

दोन प्रसंगीं तर क्षणाचाही विलंब नको. उन्हांत काम करणारा पंच असंबद्ध बोलूं लागला, झोकांड्या देऊं लागला व अंग कढत लागलें, तर तो उष्माघात समजावा, मग घाम येत असो वा नसो. त्यास सावलींत नेऊन आधीं गार करावें: अंगावर पाणी ओतावें, वारा घालावा, मिळाल्यास बर्फ लावावा; रुग्णवाहिकेची वाट पाहतांनाच हें सुरू व्हावें. तो शुद्धीवर नसल्यास तोंडांत पाणी घालूं नये. दुसरा प्रसंग हृदय बंद पडण्याचा. मनुष्य कोसळला, हांकेस ओ देत नाहीं व श्वास नीट चालत नाहीं, तर १०८ क्रमांकावर कळवून लगेच छातीच्या मध्यभागीं दोन्ही हातांनीं मिनिटास १०० ते १२० वेळां, पांच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावें. ही सेवा महाराष्ट्रांत २०१४ पासून आहे. पण ती येईपर्यंतचीं मिनिटें मैदानावरील माणसांच्याच हातांत असतात. ज्या शाळेंत स्पर्धा भरते, तेथील दोन-चार जणांस तरी हें शिकविलेलें असावें.

क्रिकेटचा पंच धांवत नाहीं, म्हणून तो सुरक्षित आहे असेंही नव्हे. नोव्हेंबर २०१४ मध्यें इस्रायलमधील अश्दोद येथें, त्या देशाच्या संघाचे माजी कर्णधार हिल्लेल आवासकर हे पंच म्हणून उभे असतां यष्टीवरून उसळलेला चेंडू लागून मृत्यु पावले. त्यांचें आडनांवच कोंकणांतून तेथें गेलेल्या बेने इस्रायली समाजाची आठवण करून देतें. डिसेंबर २०१५ मध्यें दिंडिगुल येथील रणजी सामन्यांत ऑस्ट्रेलियन पंच जॉन वॉर्ड यांच्या डोक्यास चेंडू लागला. पुढच्याच महिन्यांत कॅनबेरा येथील सामन्यांत ते शिरस्त्राण घालून उभे राहिले. प्रथम लोकांस तें चमत्कारिक वाटलें. फलंदाजाचें शिरस्त्राणही एके काळीं तसेंच वाटलें होतें.

हें सर्व पंचानें एकट्यानें करावयाचें नाहीं. स्पर्धा भरविणाऱ्यांनीं एका पंचाकडे एका दिवशीं किती सामने द्यावयाचे, याची मर्यादा ठरवावी. अंतिम सामन्यास सकाळपासून राबलेला पंच न देतां ताजा पंच द्यावा. दुपारीं बारा ते चार मैदान बंद ठेवावें. पंचाच्या खुर्चीवर छत्री व जवळ पाण्याचा माठ, यांस चषकाच्या मानानें खर्च तो किती? मैदानाच्या भेगा बुजवून त्यावर पाणी मारणें खेळाडूंच्याही हिताचें आहे. जे पालक आपल्या मुलामुलींचा सामना पाहावयास जातात, त्यांनीं हारजितीचा वाद घालण्यापूर्वीं एवढें विचारावें, कीं हा पंचाचा दिवसांतील कितवा सामना, आणि त्यानें पाणी केव्हां घेतलें?

खेळांतील न्याय हा पुस्तकांतील नियमांत नसतो. तो नियम त्या क्षणीं, त्या जागीं उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरांतून प्रकट होतो. नांदेड-लातूरकडील मुलें वर्षभर घाम गाळून एका सामन्यासाठीं तयार होतात. त्या सामन्याचा निर्णय देणारा मनुष्य दमलेला, तहानलेला किंवा लंगडत असेल, तर त्या साऱ्या घामाचें मोल कमी होतें. खेळाडूची जशी तालीम, तशी पंचाचीही तालीम हवी. आणि ती सुरू करण्यास स्पर्धेच्या तारखेची वाट पाहण्याचें कारण नाहीं.